ते 'हाव'

उदगीरच्या आमच्या कॉलेजात एक तास असा होता, की त्याची नुसती हजेरी ऐकायला दुसऱ्या वर्गातली पोरं दाराशी येऊन उभी राहायची. मराठीचा तास. सर एकेक नाव पुकारायचे आणि कुणी "यस सर" म्हटलं की ऐकूच न आल्यासारखं करून पुढचं नाव घ्यायचे. लातूरला शिकवणीला राहून आलेली पोरं ऐटीत "प्रेझेंट" म्हणायची, त्यांची तर सरळ गैरहजेरी लागायची. घरी आईनं हाक मारल्यावर तोंडातून जे निघतं ते इथं काढायचं, एवढाच नियम. मग कुणी 'हाव' म्हणायचं. बिदरच्या अंगानं येणारे कानडीतलं 'हौदु' म्हणायचे, देगलूरकडची एक मुलगी तेलुगूतलं 'अवुनू' आणि आमचा सलीम तोंड भरून 'हौ'. किनवटकडची एक मुलगी वसतिगृहात राहायची. घरी गोंडी बोलायची, पण वर्गात नुसती मान हलवायची. सर तिला म्हणायचे, "अक्का, तुझी मान माझ्या कानाला दिसंना गेली. जरा आवाज काढ की."

वर्ष संपता संपता तिनं काढला. त्या दिवशी सरांनी धडा शिकवलाच नाही, खुशीत सुट्टी देऊन टाकली.

सर दिसायला चारचौघांसारखे. पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी आवाज टिपायचं छोटं यंत्र. आठवडी बाजारात मात्र ते डोळे मिटून फिरायचे. टोपल्यांना धडकायचे, शिव्या खायचे, आणि शिवी चांगली असली तर थांबून पुन्हा एकदा म्हणायला लावायचे. घरी आले की दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून ओसरीवर बसून राहायचे. "भरलेत," म्हणायचे, "आधी हे जिरू दे." काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला एकदा वैतागून सांगितलं होतं, "जेवायला हाक मारली तर ऐकू येत न्हाई म्हणतेत. आन् शेजारी दूध उतू गेलं तर ह्यांना पहिलं ऐकू येतंय."

सर कधीही, कुणालाही 'हो' म्हणायचे नाहीत. 'हाव'च म्हणायचे. प्राचार्यांना हाव, तपासणीला आलेल्या मोठ्या लोकांना हाव, परक्या गावाहून आलेल्या पाहुण्यांना हाव. एकदा आम्हा पोरांसमोर त्यांनी कसल्याशा तक्रारीसाठी फोन लावला. पलीकडून यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया 'हो' किंवा 'नाही' म्हणा. सर म्हणाले, हाव. ती म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही. सर पुन्हा हाव. असं बराच वेळ चाललं. शेवटी ते यंत्रच कंटाळलं आणि फोन बंद झाला. आम्ही पोट धरून हसत होतो. सर मात्र तिची बाजू घेऊन म्हणाले, "तिची काय चूक? तिला कुणी शिकवलंच न्हाई."

या हट्टामागची गोष्ट ते स्वतःच सांगायचे, काही लपवाछपवी नव्हती. तरुणपणी ते पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरात कॉलेजातल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. मुलाखत छान झाली. उठता उठता टेबलापलीकडच्या एकानं विचारलं, "इथे कायमचं राहायची तयारी आहे ना?" सर म्हणाले, "हाव." ते गृहस्थ म्हणाले, "हाव? कसली हो हाव? खुर्चीची?" आणि सगळे हसले. इतकंच. गोष्ट तशी काहीच नाही. सर ती सांगताना चिडायचेही नाहीत. फक्त शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्यांचा राग न्हाई अक्का. मीबी हसलो ना त्यांच्यासंगं. दात काढून हसलो. त्याचा राग हाय." वर्गातल्या सगळ्या मुलींना ते अक्का म्हणायचे. नोकरी मिळाली होती, पण सर तिकडे गेलेच नाहीत. उदगीरला आले ते इथलेच झाले.

मी शेवटच्या वर्षाला होते आणि सरही. म्हणजे त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. तेवढ्यात कॉलेजात सूचना लागली. नांदेडला विद्यार्थ्यांची लघुपट स्पर्धा होती, विषय 'आपली सांस्कृतिक ओळख आणि वारसा'. प्राचार्यांना विषय वाचताक्षणीच अख्खा सिनेमा दिसला. "किल्ल्यावर ड्रोन उडवू. पोरींना नऊवारी, पोरांना फेटे. मागं तुतारी." आमच्यातली निम्मी पोरं फेटे भाड्यानं कुठं मिळतात ते बघायलाही निघाली.

मला कॅमेऱ्याचं वेड, सलीमला आवाजाचं. आम्ही दोघं सरांकडे गेलो. सर ओसरीवर होते. कापूस काढून त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किल्ला कुठं पळून चाललाय का? फेटा तर संध्याकाळी काढून खुंटीला लावता येतोय. जे काढून ठेवता येत न्हाई ते दाखव की अक्का."

"म्हणजे काय सर?"

"हजेरीला काय म्हणतीस तू?"

असा आमचा विषय ठरला. आमच्या सीमेवरच्या मुलखात माणसं होकार कसा देतात. हाव, हौ, हौदु, अवुनू. निवेदन नाही, संगीत नाही, खाली अक्षरं नाहीत. सरांची अट एकच होती, पण जबर होती. सिनेमा बघताना कुणीही हसता कामा नये. "टीव्हीवर आपल्याकडचा माणूस आला की समजायचं, गडी हाय न्हाईतर येडा हाय. त्यानं तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला बसलेले असतेत. मला एकदा भरल्या हॉलात हा शब्द ऐकायचाय, आन् कुणी हसलं न्हाई पाहिजे. मग मी घरी बसायला मोकळा." हे ते गमतीनं म्हणत नव्हते. आवाज जरा कापरा झाला होता.

पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. आधी कान. देवणीच्या जनावरांच्या बाजारात आम्हा दोघांना घेऊन गेले आणि डोळे मिटायला लावले. तिथं बैलाचा सौदा रुमालाखाली चालतो. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, तोंडानं कुणी आकडा काढत नाही, आणि पटलं की एकच शब्द बाहेर पडतो. सरांना तो शब्द हवा होता. ते यंत्र पुढं धरून, डोळे मिटून, एका थोराड देवणी वळूच्या अगदी मागे जाऊन उभे राहिले. मालक ओरडला, "ओ सर, डोळे उघडा! मारकं हाय त्ये!"

"आवाज घेऊन राहिलो," सर डोळे न उघडता म्हणाले, "जरा त्याला दम धरायला सांगा."

वळूनं दम धरला, पण शेपटी आवरली नाही. सरांचा पांढरा शर्ट पुढं कधी पांढरा झाला नाही. आवाज मात्र असा स्वच्छ आला, की आम्ही त्यावरच सिनेमा सुरू केला.

मग मी माझ्या अप्पांना चित्रित केलं. आमचं भांड्यांचं दुकान. अप्पा बिदरच्या व्यापाऱ्याशी फोनवर हौदु करतात, गिऱ्हाइकाला हाव म्हणतात, शेजारच्या अत्तरवाल्या चाचांना हौ. जन्मापासून हे माझ्या कानावरून जात होतं आणि मला कधी ऐकू आलं नव्हतं. अप्पांनाही नाही. मी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाले, "हे मी न्हाई. कुणाचा तरी आवाज भरलीस तू." सरांना ते इतकं आवडलं, की ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायला लागले. घ्यायचं काही नसायचं. शेवटी अप्पांनीच लाजेकाजेस्तव त्यांना एक तांब्या भेट दिला.

एक बाई आम्हाला बसस्टँडवर भेटली. खांबाला टेकून फोनवर बोलत होती. पलीकडून कुणीतरी खूप काही सांगत होतं आणि ही फक्त "हाव... हाव... हाव" म्हणत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुखाचं की दुःखाचं, कळत नव्हतं. मी लांबून चित्रण केलं. फोन झाल्यावर सर तिच्यापाशी गेले, हात जोडले, आम्ही काय करतोय ते सगळं समजावून सांगितलं आणि दाखवायची परवानगी मागितली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दिली. फोनवर काय झालं होतं ते विचारायला मी पुढं झाले, तर सरांनी मला मागं ओढलं. "ते तिचं हाय. आपल्याला जेवढं दिलं तेवढं बस."

सिनेमा तयार झाल्यावर चाचणी सुरू झाली. सरांची रीत अशी, की ते पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बसायचे. कॉलेजचे शिपाई, कँटीनवाला, काकू, त्यांच्या भजनातल्या बायका, सगळ्यांना दाखवून झाला. कुणाच्या ओठाचा कोपरा हलला की तो तुकडा कापायचा. सलीमचा जीव एका पंक्चरवाल्या मामूवर जडला होता. पान भरलेल्या तोंडानं ते असं "हौ" म्हणायचे, की थुंकी कॅमेऱ्यावर यायची. शिपाई खुदकन हसला आणि मामू गेले.

"सर, इनको मत काटो ना," सलीम काकुळतीला आला. "अच्छा आदमी है."

"माणूस चांगला हाय म्हणूनच काढून राहिलो," सर म्हणाले. "त्याला कुणी हसायला नगं."

नावावरून शेवटी वाजलंच. सिनेमाचं नाव 'हाव'. प्राचार्यांनी बरोबर बोट ठेवलं. "सर, परीक्षक बाहेरचे येणार. हाव म्हणजे लोभ समजतील. 'होकार' ठेवा, शुद्ध तरी वाटेल."

"लोभाची ती हाव. आपलं ते हाव," सर म्हणाले. "बघितल्यावर कळतंय की माणसाला."

"आणि नाही कळलं तर?"

सरांनी नाव बदललं नाही.

नांदेडला दुपारचा कार्यक्रम होता. आम्ही बसनं गेलो, सर, सलीम, मी आणि दुकान बंद ठेवून निघालेले अप्पा. हॉल गच्च भरलेला. किल्ले, लेझीम, गोंधळ, ड्रोन, पुन्हा किल्ले. आमची पाळी जवळ आली तसे सर उठले. मला वाटलं, पुढं जाऊन लोकांकडे तोंड करून बसणार. पण ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मला जमंना गेलंय अक्का. मी बाहेर थांबतो." समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन त्यांनी कानांत कापूस घातला. इतक्या दिवसांत ते घाबरलेले मी पहिल्यांदा बघत होते.

सिनेमा लागला. देवणीचा बाजार आला. रुमालाखालून पहिलं "हाव" आलं. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होते, सरांच्या वतीनं. कुणी हसलं नाही. अप्पा आले. कुणी हसलं नाही. ती बाई आली आणि हॉल इतका शांत झाला, की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. माझ्या पुढच्या रांगेतली एक पोरगी डोळे पुसत होती. मला धावत जाऊन सरांना सांगावंसं वाटत होतं, पण संपल्या संपल्या मला मंचावर बोलावलं.

परीक्षक पुण्याकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. अतिशय सभ्य. त्यांचेही डोळे ओले होते, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "मी भारावून गेलो आहे. या लघुपटात कानडी, तेलुगूही ऐकू येतं, पण पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो. बैल घेणारा म्हणतो, हाव. दुकानदार म्हणतो, हाव. फोनवर रडणारी ती स्त्री, तीसुद्धा, हाव, हाव, हाव! आजच्या बाजारू जगावर, माणसाच्या लालसेवर इतकं संयत भाष्य मी पाहिलेलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्याही हातात माइक होता, मी तो तोंडाशी नेला, तेवढ्यात ते पुन्हा बोलायला लागले.

"आणि तो लोभी व्यापारी!" ते म्हणाले. "काय अभिनय आहे! डोळ्यांतसुद्धा हाव!"

माझे अप्पा तिसऱ्या रांगेत होते. स्तुती झाली एवढंच त्यांना कळलं. त्यांनी उभं राहून चारी दिशांना हात जोडले.

मग हॉल फुटला. नांदेडची, लोह्याची, हदगावची, मुखेडची पोरं, सगळी घरी हाव म्हणणारी. बाकं बडवून, शिट्ट्या मारून हसायला लागली. "हाव, हाव" असा एकच कल्ला. ते गृहस्थ बावरून इकडं तिकडं बघायला लागले. सगळे का हसतायत हे न कळल्यामुळे तेही थोडं हसायला लागले. ओठ हलत होते, डोळे मात्र विचारत होते, काय चुकलं माझं? मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू.

तो हसण्याचा आवाज कापसातूनही सरांपर्यंत पोचला. दार धाडकन उघडलं. सर आत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना वाटलं, सिनेमाला हसतायत. मला हसतायत. मधल्या वाटेनं हात वर करत ते येत होते आणि ओरडत होते, "हसू नका! ए, हसू नका रे! लेकरांनी जीव ओतलाय त्यात!"

मी माइकवरूनच ओरडले, "सर, आपल्याला न्हाई! आपल्याला कुणीच हसलं न्हाई! ह्या सायबांना हसून राहिलेत. त्यांना वाटलं हाव म्हणजे लोभ!"

पुन्हा हास्याची लाट. मला वाटलं, सर आता सुटकेचा श्वास सोडतील, हसतीलसुद्धा. मुलाखतीतलं ते हसू आता उलटं फिरलं होतं. हावचा अर्थ कळला नाही म्हणून अख्खा हॉल हसत होता, आणि या वेळी टेबलापलीकडचा माणूस एकटा होता. सर वाटेतच थांबले. त्यांनी मंचाकडे बघितलं. ते गृहस्थ अजूनही तसंच कसनुसं हसत होते, सगळे हसतायत म्हणून.

सर म्हणाले, "मग तर मुळीच हसू नका."

मोठ्यानं नाही म्हणाले. पण म्हातारा माणूस उभा राहून रडवेल्या आवाजात बोलतो तेव्हा पोरं गप्प होतात. एक रांग गप्प झाली, मग दुसरी. सर मंचावर चढले, माझ्या हातातला माइक त्यांनी घेतला नाही. त्या गृहस्थांचा हात हातात घेऊन, फक्त त्यांना आणि शेजारी उभ्या मला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, हाव म्हणजे हो. आमच्याकडं असं म्हणतेत. बस, एवढंच हाय."

त्या गृहस्थांनी दुसऱ्या हातातला माइक खाली केला. मग म्हणाले, "मला माफ करा. मी फार मोठी चूक केली."

"माफी कशाची? तुमचे डोळे अजून ओले दिसतेत, पिक्चर बघून पाणी आलं. न कळता आलं. आमचं काम झालं. पण साहेब, लोक हसले म्हणून तुम्ही हसत जाऊ नका. नंतर लई त्रास होतोय त्याचा."

बक्षीस किल्ल्याच्या सिनेमाला मिळालं. ड्रोन छान उडवला होता त्यांनी, मान्य करायला हवं. सलीम भडकून काहीबाही बोलत होता, पण बसमध्ये बसल्या बसल्या झोपला. अप्पाही झोपले. त्यांना अजून आपल्या अभिनयाचं कौतुक पुरत होतं.

सर माझ्या शेजारी खिडकीशी बसले होते. कंधार गेलं. मुखेडच्या अलीकडे बाहेर सोयाबीनवर शेवटचं ऊन होतं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "अक्का, मी आत न्हवतो. पिक्चर चालू होता तवा... कुणी हसलं का?"

"न्हाई सर. मी मंचावरून सांगितलं की तुम्हाला."

"ते गडबडीत सांगितलीस. माझं मन राखायला म्हणत असशील."

"एकबी न्हाई हसलं सर. बाई आली तवा तर एक पोरगी रडत होती."

ते माझ्याकडे वळले. आम्हाला इतकी वर्षं शिकवणारा, प्राचार्यांना न घाबरणारा हा माणूस, आणि डोळे शाळेतल्या पोरासारखे.

"शपथ?" म्हणाले.

मी गळ्याला हात लावला आणि म्हटलं, "गळ्याशपथ, सर."

तेव्हा कुठे त्यांनी पाठ सीटला टेकवली.